इम्प्लांटचा धातू भट्टीत घालण्याआधी: सोलापूरच्या जॉबशॉपसाठी पायरीवार मार्गदर्शन

अक्कलकोट रोड असो की चिंचोळी एमआयडीसी, एखाद्या सीएनसी शॉपमध्ये हाडाच्या स्क्रूची किंवा प्लेटची चौकशी आली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला: हार्डनेस किती ठेवायचा आणि पाणी कुठं द्यायचं (म्हणजे तापलेला जॉब पाण्यात बुडवून कडक कुठं करायचा)? प्रश्न सवयीतून येतो. आपले हात ईएन ८, ईएन १९, २०एमएनसीआर५ या स्टीलवर आणि कास्ट आयर्नवर बसलेले. तिथं भट्टी जॉबला ताकद देते. इम्प्लांटच्या धातूंचं बहुतेक वेळा उलटं असतं. ताकद मिलमधून आलेल्या बारमध्येच असते आणि चुकीच्या भट्टीत ती हमखास जाते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये 'काय करा'पेक्षा 'काय करू नका' जास्त सापडेल.

परवान्याचं आधीच उरकून घेऊ. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. शरीरात कायम राहणारे हाडांचे इम्प्लांट साधारण क वर्गात येतात आणि त्यांच्या उत्पादनाचा परवाना केंद्राच्या सीडीएससीओकडून (औषध नियंत्रण संस्था) घ्यावा लागतो. तुम्ही फक्त मशिनिंगचं जॉबवर्क करत असाल तर परवाना तुमच्या ग्राहक कंपनीचा असतो, पण आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकाखाली ती तुमचं ऑडिट करणार. त्यात सगळ्यात जास्त प्रश्न हीट ट्रीटमेंटवर येतात, कारण भट्टीतून निघालेला प्रत्येक जॉब तोडून बघता येत नाही.

पायरी १: ड्रॉइंगवरचा धातू नेमका ओळखा

ड्रॉइंगवर नुसतं '३१६एल' लिहिलेलं असेल तर तिथंच थांबा आणि ग्राहकाला फोन करा. बाजारातलं ३१६एल आणि इम्प्लांटचं ३१६एल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इम्प्लांटसाठी व्हॅक्युममध्ये वितळवलेलं, म्हणजे ३१६एलव्हीएम लागतं. त्याचं मानक आयएसओ ५८३२-१, किंवा बारसाठी एएसटीएम एफ १३८. क्रोमियम १७ ते १९ टक्के, निकेल १३ ते १५, मॉलिब्डेनम २.२५ ते ३, कार्बन जास्तीत जास्त ०.०३०, सल्फर ०.०१० च्या आत. शिवाय एक बेरीज आहे, जी टीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) हातात आल्याबरोबर कॅल्क्युलेटरवर करायची: क्रोमियम अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट. उत्तर २६ च्या खाली आलं की माल परत.

करून बघू. बाजारातल्या एखाद्या बारच्या टीसीवर क्रोमियम १६.५ आणि मॉलिब्डेनम २.१ आहे. ३.३ गुणिले २.१ म्हणजे ६.९३, बेरीज २३.४३. पाइपलाइनला चालेल, हाडात नाही. दुसऱ्या बारला क्रोमियम १७.६, मॉलिब्डेनम २.७५. गुणाकार ९.०७५, बेरीज २६.६७५. हा पास. शरीरातलं पाणी खारट आणि ३७ अंशाचं असतं. प्लेट आणि स्क्रूच्या डोक्यामधल्या फटीत ते साचून राहतं आणि गंज तिथूनच धरतो. ही बेरीज त्या फटीसाठी आहे.

टायटॅनियममध्ये सगळ्यात जास्त चालतं ते ६-४ ईएलआय (ऑक्सिजनसारखी अशुद्धी कमी ठेवलेलं): ६ टक्के अॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.१३ टक्के. मानक एएसटीएम एफ १३६. साधं ग्रेड ५ हेच मिश्रण, पण त्यात ऑक्सिजन ०.२० पर्यंत चालतो. व्हॅनेडियम नको असणारे ग्राहक ६-७ मागतात, त्यात व्हॅनेडियमच्या जागी नायोबियम असतं, मानक आयएसओ ५८३२-११. शुद्ध टायटॅनियमचं मानक आयएसओ ५८३२-२. कोबाल्ट-क्रोम-मॉलिब्डेनममध्ये कास्टिंगसाठी एफ ७५ आणि घडीव बारसाठी एफ १५३७. स्टेंटच्या जाळीला आणि दातांच्या तारेला निटिनॉल, म्हणजे आकार परत घेणारं निकेल-टायटॅनियम, लागतं.

इथं एक सापळा आहे. आपल्याकडं माल तपासायला एक्सआरएफ गन (एक्स-रेनं धातूतले घटक ओळखणारं यंत्र) आणतात, ट्रिगर दाबला की स्क्रीनवर '३१६' किंवा 'टीआय ६-४' येतं आणि सगळे निर्धास्त होतात. त्या गनला कार्बन दिसत नाही, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजनही दिसत नाहीत. म्हणजे ३१६ आणि ३१६एल मधला फरक तिला कळत नाही आणि ग्रेड ५ व ईएलआय मधला तर नाहीच. हे फरक लॅबमध्ये कळतात किंवा टीसीवरच्या हीट नंबरवरून (मिलमधल्या एका वितळणीचा क्रमांक). त्यामुळं बार कापताना ज्या टोकाला हीट नंबर पंच केलेला आहे ते टोक शेवटी कापा. चुंबक लावून ग्रेड ठरवणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

पायरी २: या जॉबला भट्टी हवीच आहे का?

हा लेख घाईत वाचत असाल तर एवढीच पायरी नीट वाचा.

३१६एल तापवून आणि पाणी देऊन कडक होत नाही. त्यात मार्टेन्साइट, म्हणजे झटपट थंड केल्यावर बनणारी कडक रचना, तयारच होत नाही. त्याची ताकद वाढते ती थंड ओढून. अनिल केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) बारला टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद) किमान ४९० आणि यील्ड (कायमचं वाकायला लागेपर्यंतची ताकद) किमान १९० मेगापास्कल एवढीच अट आहे. थंड ओढलेल्या बारला हेच आकडे ८६० आणि ६९०. स्क्रू बहुतेक थंड ओढलेल्या बारचे असतात. असा स्क्रू 'स्ट्रेस काढून घेऊ' म्हणून १०५० अंशाच्या भट्टीत घातला तर तो चकचकीत, सरळ आणि मापात निघतो. फक्त शस्त्रक्रियेत ड्रायव्हर फिरवल्यावर त्याचं डोकं पिळवटून निघतं.

तेव्हा हिशोब असा. थंड ओढलेल्या बारमधून थेट मशिनिंग असेल तर भट्टी नाही. फोर्जिंग केलं असेल किंवा प्लेट डायमध्ये खूप वाकवली असेल तर सोल्यूशन अनिलिंग (खूप तापवून झपाट्यानं थंड करणं) लागेल. टायटॅनियमची लांब, पातळ प्लेट रफिंगनंतर धनुष्यासारखी उठत असेल तर स्ट्रेस रिलीफ (मध्यम तापमानाला ठेवून आतला ताण काढणं) लागेल. थ्रीडी प्रिंट केलेल्या टायटॅनियमला जवळजवळ नेहमीच लागतो आणि तोही जॉब बिल्ड प्लेटवरून कापून काढण्याआधी. एफ ७५ कास्टिंगचा निर्णय ग्राहकाचा. घडीव कोबाल्ट-क्रोम बार मिलमधूनच ताकद घेऊन येतो, त्याला हात लावायचा नाही.

जाता जाता: सर्जिकल कात्र्या, चिमटे, ड्रिल हे ४२० किंवा ४४० स्टीलचे असतात आणि त्यांना हार्डनिंग-टेम्परिंग करतात. ते इन्स्ट्रुमेंट, शरीरात राहत नाहीत. एकाच ट्रेमध्ये दोन्ही प्रकारचे जॉब ठेवणाऱ्या शॉपला कुणी काम देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: धुणं

भट्टीत जाणाऱ्या जॉबवर जे असेल ते धातूत शिरतं किंवा त्याच्यावर भाजून बसतं. आधी अल्कलाइन डिटर्जंट, मग अल्ट्रासॉनिक, मग डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचे दोन-तीन धुवे. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर दिसतात, आणि त्यात क्लोराइडही असतं. टायटॅनियमला क्लोराइड आणि उष्णता एकत्र मिळाली की बारीक चिरा जाण्याचा धोका असतो. त्याच कारणानं टायटॅनियमला ट्रायक्लोरोएथिलीनसारखे क्लोरीनवाले सॉल्व्हंट वापरत नाहीत.

बोटाच्या ठशातही मीठच असतं. मे महिन्यात शॉपमध्ये पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असताना उघड्या हातानं टायटॅनियमची प्लेट उचलली तर भट्टीतून ती अंगठ्याचा ठसा घेऊन बाहेर येते, अक्षरशः रेघांसकट. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घाला आणि जॉब फिल्टर केलेल्या हवेनं वाळवा. गाव टॉवेलचं आहे म्हणून टॉवेलनं पुसायचा मोह होतो, पण त्याचे धागे जॉबवर राहतात. लिंट न सोडणारे वाइप्स घ्या.

पायरी ४: भट्टी आणि फिक्स्चर तपासा

टायटॅनियमला व्हॅक्युम भट्टी किंवा अतिशुद्ध आर्गॉन लागतो. नायट्रोजन चालत नाही, टायटॅनियम त्यालाही खातं. व्हॅक्युम १० चा उणे ४ घात मिलिबार किंवा त्याहून चांगला हवा. स्टील आणि कोबाल्ट-क्रोमला मात्र खूप खोल व्हॅक्युममध्ये हजार अंशांपुढं नेलं की पृष्ठभागावरून क्रोमियम उडू लागतं, म्हणून तिथं थोडा आर्गॉन सोडून दाब वाढवतात. म्हणजे एकाच भट्टीत दोन वेगळ्या पद्धती. हे ऑपरेटरला तोंडी सांगून भागत नाही, कार्डवर लिहा.

आपल्याकडच्या बहुतेक शॉपना काम पुण्याकडच्या व्हॅक्युम भट्टीत पाठवावं लागेल. तिथं जाऊन हे विचारा: तापमान एकसमानतेचा शेवटचा सर्वे कधी झाला, भट्टीचा वर्ग कोणता (±६ की ±१४ अंश), लीक रेट (हवा आत शिरण्याचा वेग) किती, थर्मोकपल जॉबला लागतो की फक्त भट्टीच्या भिंतीला, आणि याच भट्टीत ब्रेझिंग होतं का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'होतं' असेल तर आधी रिकामी भट्टी जास्त तापमानाला चालवून साफ करून द्यायला सांगा. तांबं-जस्ताची वाफ इम्प्लांटवर नको.

फिक्स्चरचं लोक विसरतात. टायटॅनियम आणि निकेल ९४२ अंशाला एकमेकांत वितळतात आणि स्टेनलेसच्या जाळीत निकेल असतंच. ९०० च्या पुढच्या कामात टायटॅनियम स्टेनलेसवर ठेवू नका, मॉलिब्डेनम किंवा टायटॅनियमचंच फिक्स्चर वापरा. ३१६एल ग्रॅफाइटवर थेट ठेवलं तर ते कार्बन ओढून घेतं, मध्ये सिरॅमिक घाला.

प्रत्येक चार्जमध्ये (भट्टीत एका वेळी घातलेल्या मालात) टायटॅनियमची एक घासून चकचकीत केलेली पट्टी ठेवा. चार्ज संपल्यावर आधी तिच्याकडं बघा. चांदीसारखी निघाली तर उत्तम. फिक्या गवती रंगाची असेल तर ग्राहकाला विचारा. जांभळी, निळी किंवा राखाडी असेल तर भट्टीत हवा शिरली होती, मग छापील चार्ट काहीही म्हणो.

पायरी ५: चक्र

३१६एल सोल्यूशन अनिलिंग. १०४० ते ११०० अंश. सोकिंगची (त्या तापमानाला ठेवण्याची) वेळ मोजायची ती जॉबवरच्या थर्मोकपलनं तापमान गाठल्यावर. पातळ जॉबला १५ ते ३० मिनिटं पुरतात. 'थोडं जास्त ठेवलं तर काय बिघडतं' याचं उत्तर ग्रेन साइझमध्ये (धातूतल्या कणांच्या आकारात) आहे: मानकाला नंबर ५ किंवा त्याहून बारीक ग्रेन हवेत आणि या तापमानाला ग्रेन फुगतात. मग आर्गॉनचा दाब देऊन झपाट्यानं थंड करा. साधारण ८५० ते ४५० हा पट्टा काही मिनिटांत ओलांडायचा. या पट्ट्यात रेंगाळलं की क्रोमियम आणि कार्बन ग्रेनच्या कडांवर एकत्र येतात, त्या कडेलगतचं क्रोमियम १२ टक्क्यांखाली जातं आणि गंजाला वाट मिळते. याच कारणानं ३१६एलला ६००-७०० अंशाचा स्ट्रेस रिलीफ देऊ नका. कार्बन स्टीलला तो चालतो, तिथून ही सवय इकडं येते. कार्बन कमी असल्यामुळं लगेच काही होत नाही, हा युक्तिवाद पाइपवाल्यांसाठी ठेवा.

टायटॅनियम ६-४ ईएलआय. स्ट्रेस रिलीफसाठी ४८० ते ६५० अंश, एक ते चार तास. ५९५ च्या आसपास दोन तास ही नेहमीची निवड. पूर्ण अनिलिंग ७०५ ते ७९० अंश, एक-दोन तास. ईएलआयची बीटा रेषा (ज्या तापमानाला धातूची आतली रचना पूर्ण बदलते) ९८० अंशांच्या आसपास असते. ती ओलांडली की आतली रचना जाड पट्ट्यांची होते आणि फटिगची (वारंवार झटके सोसण्याची) ताकद घटते. चालताना पायाला लाखो झटके बसतात, त्यामुळं इथं फटिगच महत्त्वाचा.

ऑक्सिजनचा विषय थोडा सविस्तर, कारण पैसे इथं बुडतात. ६०० च्या पुढं हवा लागली की टायटॅनियम ऑक्सिजन आत ओढतं आणि वरचा थर काचेसारखा ठिसूळ होतो. त्याला अल्फा केस म्हणतात. जाडी काही शतांश मिलिमीटर असली तरी फटिगची चीर तिथूनच सुरू होते. एकदा आत विरघळलेला ऑक्सिजन व्हॅक्युममध्ये परत बाहेर काढता येत नाही. तो थर मशिनिंगनं किंवा हायड्रोफ्लोरिक-नायट्रिक अॅसिडनं काढावा लागतो. हायड्रोजनचं वेगळं: तो व्हॅक्युममध्ये तापवून काढता येतो. म्हणून क्रम असा ठेवा: रफिंग, स्ट्रेस रिलीफ, मग फिनिश कट. फिनिशसाठी प्रत्येक बाजूला ०.३ ते ०.५ मिलिमीटर ठेवलं तर मनाला शांतता राहते. फिनिश झालेला जॉब भट्टीत घालून 'रंग आला तर बफ करू' म्हणणं हा जुगार आहे.

थ्रीडी प्रिंटच्या टायटॅनियमला आतली छिद्रं बुजवायला हिप (गरम असताना चहूबाजूंनी वायूचा दाब देणं) करतात: ८९५ ते ९५५ अंश, किमान १०० मेगापास्कल आर्गॉन, दोन ते चार तास. हे तुमच्या हातचं नाही, फक्त ऑर्डरमध्ये लिहा.

एफ ७५ कास्टिंग. ओतल्यावर कार्बाइड (धातू आणि कार्बनचे कडक कण) ग्रेनच्या कडांवर गोळा होतात आणि जॉब ठिसूळ राहतो. १२२० अंशांच्या आसपास तासभर किंवा जास्त ठेवून ते विरघळवतात आणि लगेच थंड करतात. अडचण अशी की १२३५ च्या आसपास ग्रेनच्या कडा वितळायला लागतात. ±१४ अंशाची भट्टी १२२० वर लावली तर एखादा कोपरा १२३४ ला जाऊ शकतो. इथं ±६ वाली भट्टीच हवी. घासल्या जाणाऱ्या सांध्याच्या पृष्ठभागासाठी कार्बाइड असलेले बरे की विरघळलेले, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. त्यात आपण पडायचं नाही, ड्रॉइंग सांगेल ते करायचं.

निटिनॉल. फिक्स्चरवर घट्ट बांधून ५०० अंशांच्या आसपास काही मिनिटं आणि लगेच पाण्यात. या सगळ्या यादीत खरंच पाणी देण्याची वेळ येते ती इथंच. तापमान आणि वेळ बदलली की आकार परत घेण्याचं तापमान सरकतं, आणि स्टेंटसाठी ते शरीराच्या ३७ अंशांखाली असायला हवं. चाचणीशिवाय या कामात उतरू नका.

मध्येच वीज गेली तर? स्टील ८५० ते ४५० च्या पट्ट्यात अडकून हळूहळू थंड झालं असेल तर ते पूर्ण १०४० च्या वर नेऊन चक्र पुन्हा करावं लागतं, अर्थात ग्राहकाच्या लेखी परवानगीनं. टायटॅनियमच्या बाबतीत व्हॅक्युम टिकला होता का ते आधी बघा. टिकला असेल तर बहुधा चिंता नाही. गरम असताना हवा शिरली असेल तर पूर्ण चार्ज होल्डवर. दार उघडायचं ते जॉब १०० अंशांखाली आल्यावर.

पायरी ६: तपासणी

प्रत्येक चार्जसोबत त्याच हीट नंबरच्या बारचे साक्षी तुकडे ठेवा, दुसऱ्या बारचे चालत नाहीत. त्यातूनच टेन्साइल आणि मायक्रोस्ट्रक्चर होतं.

३१६एलसाठी ऑक्झॅलिक अॅसिडचा एच (एचिंग, म्हणजे अॅसिडनं पृष्ठभाग कोरणं) ही स्वस्त आणि बोलकी चाचणी आहे: एएसटीएम ए २६२, प्रॅक्टिस ए. पॉलिश केलेला तुकडा १० टक्के ऑक्झॅलिक अॅसिडमध्ये, दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर, ९० सेकंद. मायक्रोस्कोपखाली ग्रेनच्या मध्ये नुसत्या पायऱ्या दिसल्या तर थंड करणं बरोबर झालं. ग्रेनला पूर्ण वेढणारे काळे खंदक दिसले तर प्रॅक्टिस ई ची चाचणी करा. ती होईपर्यंत चार्ज होल्डवर.

टायटॅनियममध्ये तुकडा आडवा कापून कडेपासून गाभ्यापर्यंत मायक्रोहार्डनेस घ्या. गाभ्यात ३३० व्हिकर्सच्या आसपास आणि कडेला ४०० च्या वर, असा चढ दिसला की अल्फा केस आहे. शिवाय हायड्रोजनचा रिपोर्ट, मर्यादा ०.०१२ टक्के. एचसाठी जे क्रोल द्रावण वापरतात त्यात हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतं. ते कातडीतून आत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी नसेल तर हे काम बाहेरच्या लॅबला द्या.

पायरी ७: पॅसिव्हेशन

पॅसिव्हेशन म्हणजे पृष्ठभागावरचा गंजरोधक थर पक्का करणं. स्टीलला एएसटीएम एफ ८६ प्रमाणे नायट्रिक अॅसिड, २० ते ४५ टक्के आकारमानानं, खोलीच्या तापमानाला किमान ३० मिनिटं. मग डीआय पाण्याचे धुवे. याआधी जॉबला साध्या लोखंडाचा स्पर्श झालेला नको: माइल्ड स्टीलवर वापरलेला वायर ब्रश, कानस, ब्लास्टिंगचे जुने दाणे, सगळं वेगळं ठेवा. लेझर मार्किंग पॅसिव्हेशनच्या आधी करा, कारण त्या अक्षरांजवळही धातू तापलेला असतो. टायटॅनियमच्या स्क्रूवर दिसणारे सोनेरी-निळे रंग मुद्दाम अॅनोडायझिंगनं दिलेले असतात. त्यांची भट्टीतल्या रंगाशी गल्लत नको. वापरलेलं अॅसिड गटारात सोडायचं नाही. डाइंगवाल्या मित्राला विचारा, ईटीपीबद्दल (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) तो तुमच्यापेक्षा जास्त सांगेल.

पायरी ८: चलन, नोंदी आणि भंगार

भट्टीवाल्याला 'स्ट्रेस रिलीफ करून द्या' एवढं लिहून माल पाठवू नका. चलनावर असं लिहा: धातू आणि मानक, हीट नंबर, नग, तापमान आणि सहनशीलता, जॉबच्या थर्मोकपलवरून सोकिंगची वेळ, व्हॅक्युमची पातळी, थंड करायचा वायू, फिक्स्चरचा धातू, साक्षी तुकड्यांची संख्या, आणि 'रंग आलेला नग पॉलिश करू नये, तसाच परत द्यावा'. चार्ट आणि पट्टी परत मागा. ती पट्टी फाइलला स्टेपल करून ठेवली की ऑडिटर स्वतःहून कमी प्रश्न विचारतो.

टायटॅनियमची बारीक चिप्स स्टीलच्या चिप्सपासून वेगळी, कोरडी आणि झाकून ठेवा. पेटली तर पाणी मारू नका, भडका वाढतो. कोरडी वाळू किंवा डी वर्गाची पावडर लागते. आणि नापास झालेला स्क्रू किंवा प्लेट भंगारात अख्खी देऊ नका. कटरनं दोन तुकडे करा, रजिस्टरमध्ये नग लिहा, मगच पोत्यात टाका.